किमया आणि तेहेतीस अक्षरे



वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी रशियन भाषेची मुळाक्षरे गिरवतो आहे, हे कळल्यावर फडावरच्या जुन्या सोबत्यांनी काळजीने विचारले, ‘महाराज, हे वय नामस्मरणाचे. आता हे नवे काय काढलेत?’ विचारणे प्रेमाचे होते आणि प्रश्नही रास्त होता. त्याचे उत्तर एकेकाच्या कानात सांगण्यापेक्षा चार संतसज्जनांसमोर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच. उत्तर जरा वळणावळणाचे आहे. बैठक मारून ऐकावे.

आरंभ परिसापासून करतो. आळंदीला चार वर्षे राहून गुरुजनांच्या पायाशी जे मिळाले, ते पंचेचाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. संतसंगतीचे प्रकरण निघाले की परिसाचा दृष्टान्त ठरलेला. परीस लोखंडाचे सोने करतो, पण लोखंडाचा परीस करत नाही. संत मात्र जवळ आलेल्याला आपल्यासारखाच करतात. एवढे म्हटले की टाळकरी सरसावतात, मृदंगावर थाप पडते, गजर होतो. तुम्हीही हे शेकडो वेळा ऐकले असेल, कदाचित माझ्याच तोंडून.

एका गावी सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री, कीर्तन आटोपल्यावर एक तरुण मागे थांबला. घरची परंपरा लोहारकामाची. त्याने विचारले, ‘महाराज, परीस खरंच असतो का हो? कुणी कधी शोधून पाहिलाय?’ आवाजात थट्टा नव्हती. मग हळूहळू कळले. सोने दुप्पट करून देतो म्हणणारा एक फिरस्ता गावात आला होता. या मुलाच्या वडिलांनी घरातल्या पाटल्या आणि एक सर त्याच्या हवाली केले. मडके, कोळसे, पारा, मंत्र, सगळे यथासांग झाले. सकाळी मडक्यात राख होती आणि फिरस्ता नव्हता. वडील म्हणायचे, कीर्तनात सांगतात ते खोटे कसे असेल? त्या दिवसापासून लाजेने त्यांनी देवळात येणे सोडले होते. मी मुलाला म्हणालो, ‘बाळा, दृष्टान्त एकदेशी असतो. सिद्धान्तापुरता घ्यायचा आणि सोडून द्यायचा. पण कुणी शोधला का, हे मात्र मी शोधून सांगेन.’

शब्द दिला आणि पुढचा सप्ताह, पुढची वारी यांत वर्षे गेली. नंतर घशाचे दुखणे झाले. डॉक्टरांनी बोलणे मोजून करायला सांगितले. कीर्तनसेवा थांबली, तेव्हा हाती वेळ आला.

त्याच सुमारास थोरल्या मुलाची मुलगी डॉक्टरकी शिकायला रशियात, व्होल्गा नदीकाठच्या कझान शहरी गेली. आपल्याकडची पुष्कळ मुले हल्ली तिकडे जातात. पहिला हिवाळा तिला फार जड गेला. आमचा हरिपाठ संध्याकाळी सातला संपला की तिकडे साडेचार वाजलेले असतात, आणि डिसेंबरात तिकडे तेव्हा अंधार पडून गेलेला असतो. फोनवर पोर बोलायची कमी आणि रडायची जास्त. शरीरशास्त्र जमत होते. भाषा जमत नव्हती. पुढे रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलावे लागणार, या धास्तीने परत यायचे म्हणत होती. मी म्हटले, ‘बाई, दिवसा तू जे शिकतेस ते संध्याकाळी मला शिकव. दोघे मिळून घोकू.’ ती रडता रडता हसली. ‘आबा, तुम्ही?’ म्हटले, ‘का गं? लघुकौमुदी पाठ केलेला माणूस आहे मी. तुझा झार माझे काय वाकडे करणार?’

तर असा हा वर्ग सुरू झाला. धाकट्या नातवाची पाटी मी घेतली.

रशियन मुळाक्षरे तेहेतीस. दहा स्वर, एकवीस व्यंजने आणि दोन नुसत्या खुणा. ज्याला थोडेफार इंग्रजी येते तो इथे आधी फसतो. इंग्रजी ‘पी’सारखे दिसते ते यांचे ‘र’. ‘सी’ दिसते ते ‘स’, ‘एच’ दिसते ते ‘न’, ‘बी’ दिसते ते ‘व’. माझे इंग्रजी बेताचे, त्यामुळे विसरायला फारसे नव्हते; हा अडाणीपणाचा लाभच म्हणायचा. ‘प’ म्हणजे दोन खांबांवर आडवी तुळई, देवळाच्या दाराची चौकटच. ‘श’ म्हणजे बिनदांड्याचे त्रिशूळ. ‘झ’च्या जवळचा एक घोगरा उच्चार आहे, त्याचे अक्षर सहा पायांच्या किड्यासारखे. आणि इ व उ यांच्या मधला एक स्वर आहे, तो मला आजही नीट येत नाही. उत्तरेकडच्या माणसाला आपला ‘ळ’ म्हणायला सांगितल्यावर त्याची जी गत होते, ती माझी या स्वरापाशी होते.

कुठलीही पाटी नवी घेतली की पहिले देवाचे नाव लिहायचे, ही आपली रीत. म्हणून मी ‘विठ्ठल’ लिहायला बसलो. यांच्याकडे ‘ठ’ नाही, आपल्यासारखा ‘ह’ही नाही. मग ‘त’पुढे ‘ख’ लिहून ‘ठ’ची सोय करतात. लिहिलेले एकेक अक्षर सुटे वाचले तर होते ‘वित्तखल’! मी पोट धरून हसलो. वित्त म्हणजे द्रव्य. खल म्हणजे दुष्ट, आणि खल म्हणजे वैद्य ज्यात औषध घोटतो तो दगडी खलसुद्धा. परिसाचा शोध घ्यायला निघालेल्या माणसाला पांडुरंगाने पहिल्याच धड्यात चिमटा काढला. देव आपल्या नावाच्या मोडतोडीवर रागावत नाही, हे अजामिळाच्या कथेपासून आपल्याला ठाऊकच आहे.

शब्द जमू लागले तशी सोयरीक निघाली. आपली सून म्हणजे संस्कृत स्नुषा, तिला तिकडे ‘स्नोखा’. दीर म्हणजे संस्कृत देवर, त्यांचा ‘देवेर’. सासरा ‘स्व्योकर’, सासू ‘स्विक्रोव्ह’. विस्तव ‘अगोन’, म्हणजे आपला अग्नी. देवाला ‘बोग’, ज्याचे नाते भग, भगवान या शब्दांशी सांगतात. हजारो कोस दूर, बर्फातले घर, आणि आत आपलीच दीर-भावजय नांदत असल्यासारखे वाटले. नातीला म्हटले, ‘परक्या देशात आहेस असे समजू नकोस. जुन्या भावकीत आहेस.’

आता या अक्षरांचा इतिहास सांगायलाच हवा, कारण वारकऱ्याला तो आपला वाटेल. नवव्या शतकात ग्रीकांच्या राज्यात सिरिल आणि मेथोडियस नावाचे दोन भाऊ होते. ८६३ साली ते स्लाव लोकांच्या मोराविया राज्यात धर्म सांगायला गेले. त्यांच्या धर्मपंडितांत तेव्हा एक मत असे होते की देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत करावी. या भावांनी लोकांच्या बोलीसाठी नवी अक्षरे घडवली आणि त्या बोलीत धर्मग्रंथ आणले. सिरिलच्या जुन्या चरित्रात व्हेनिस शहरातल्या एका वादसभेचे वर्णन आहे. देवाचा पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, मग स्तुतीची भाषा तीनच जणांची कशी, असा त्याचा तिथला युक्तिवाद. ८६९ साली तो रोममध्ये वारला. पुढे मेथोडियसही गेला आणि त्यांच्या शिष्यांना मोरावियातून हाकलून लावले. काहींना तर गुलाम म्हणून विकले. जे वाचले ते बल्गेरियात गेले. तिथे शिष्यपरंपरेत जी सोपी लिपी तयार झाली, तिला गुरूच्या नावावरून सिरिलिक म्हणतात. रशियाने घेतली ती हीच.

सिरिलनंतर चार शतकांनी, शके १२१२ मध्ये, नेवाशाला खांबाला टेकून एका तरुणाने गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. पैठणच्या आणि आळंदीच्या पंडितांनी त्या भावंडांना काय काय सोसायला लावले, ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन देशांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण लोकांच्या भाषेत देव आणणाऱ्याला पंडितांचा त्रास दोन्हीकडे झाला, हे पाहून मी त्या रात्री पाटी जरा आदराने खाली ठेवली.

जुन्या स्लाव पद्धतीत प्रत्येक अक्षराला नाव असे, आपण मुलांना ‘ग गणपतीचा’ शिकवतो तसे. पहिली तीन नावे ‘अझ’, ‘बुकी’, ‘वेदी’. अझ म्हणजे मी. हा शब्द आपल्या ‘अहम्’चा सख्खा नातेवाईक. बुकी म्हणजे अक्षरे. वेदी म्हणजे जाणतो. त्यात आपला ‘विद्’ धातू उघड दिसतो. तिन्ही नावे ओळीने म्हटली की वाक्यच होते: मी अक्षरे जाणतो. पण काळाच्या ओघात भाषा बदलली. आज रशियनमध्ये ‘मी’ला ‘या’ म्हणतात, आणि ‘या’ हे त्यांच्या वर्णमालेतले शेवटचे, तेहेतिसावे अक्षर. पोरगे फार मी-मी करू लागले की तिथली आई म्हणते, ‘या’ हे अक्षर शेवटचे असते बरे! नातीने हे सांगितले तेव्हा मला माझे कीर्तनाचे दिवस आठवले. अहंकाराच्या निरूपणात हा दृष्टान्त काय शोभला असता! आता गळा नाही, म्हणून तुम्हाला लिहून देतो. तरुण कीर्तनकारांनी खुशाल वापरावा.

ज्या दोन अक्षरांना स्वतःचा उच्चारच नाही, त्यांच्याविषयी दोन शब्द. त्यांतले एक ‘मऊ खूण’ म्हणून ओळखले जाते. ते एकटे काही बोलत नाही, पण आपल्या आधीच्या व्यंजनाला मऊ करते. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ. शेवटी ती मुकी खूण लावली की शब्द होतो ‘घेणे’. एवढी त्या न बोलणाऱ्याची सत्ता. दुसरी ‘कठीण खूण’. ती पूर्वी व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी उगाचच लिहीत असत. १९१८च्या लेखनसुधारणेत तिला तिथून काढले, आता क्वचित कुठे शब्दाच्या मधे असते. आवाज गेल्यापासून मी भजनात मागच्या ओळीत नुसता टाळ घेऊन उभा असतो. त्यामुळे सगळ्या अक्षरांत मऊ खुणेशी माझे सर्वांत आधी जमले.

आता परिसाकडे वळतो, आणि वाट दाखवली तीही एका अक्षरपाटीनेच. नात रस्त्याने चालताना फोनवर दुकानांच्या पाट्या दाखवी आणि मला वाचायला लावी. मी आपल्या बळावर वाचलेला पहिला शब्द ‘आप्तेका’, म्हणजे औषधाचे दुकान. भावी डॉक्टरीण खूश झाली. मग तिने त्याविषयी शोधून वाचले आणि मला मराठीत सांगितले. सतराव्या शतकात मॉस्कोत झारच्या औषधांचे एक सरकारी खाते होते, ‘आप्तेकार्स्की प्रिकाझ’. त्यात वैद्य, औषधे देणारे आणि त्यांच्या हाताखाली ‘अलखिमिस्त’ अशी रीतसर नोकरी. काम काय, तर भट्ट्या पेटवून अर्क काढायचे, औषधी पाणी गाळायचे. ‘आबा, सरकारी किमयागार!’ ती म्हणाली.

ती सहज बोलून गेली आणि मला एकदम उमगले. आपली मराठी ‘किमया’ आणि रशियन ‘अलखीमिया’ हे एकाच अरबी शब्दाचे वंशज. आपल्याकडे तो फारसीतून आला, त्यांच्याकडे युरोपातून गेला. त्या लोहाराच्या मुलाला दिलेला शब्द तिथेच आठवला.

किमया आपल्याला परकी नाही. आपले रसशास्त्र हीच विद्या. रस म्हणजे पारा. ‘रसार्णव’ ग्रंथ शिवपार्वतीच्या संवादातून उलगडतो. पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितले आहेत: स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन असे पुढे. माणसावर सोळा, पाऱ्यावर अठरा! चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त रसेश्वर दर्शनाला वेगळे प्रकरण दिले. त्यांच्या मते धातूवर पारा सिद्ध करून पाहणे ही केवळ परीक्षा. खरा हेतू देह स्थिर करून जीवन्मुक्ती मिळवणे. नाथसिद्धांच्या परंपरेत या विद्येचे पुष्कळ उल्लेख येतात, आणि आपली गुरुपरंपरा गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आलेली. तेव्हा रसायनाची ही भट्टी आपल्या घराच्या मागच्या आळीतच होती म्हणा ना. आपल्या संतांनी मात्र सामान्य माणसाला तिकडे पाठवले नाही. पारा घोटायला सवड आणि पैसा लागतो. नामाला दोन्ही लागत नाहीत.

रशियात ही विद्या बहुतेक बाहेरून गेली. इंग्लंडचा प्रसिद्ध किमयागार जॉन डी याचा मुलगा आर्थर डी हा १६२१ पासून सुमारे चौदा वर्षे झार मिखाईलचा राजवैद्य होता. मॉस्कोतच त्याने जुन्या किमयाग्रंथांतली वचने निवडून एक संग्रह सिद्ध केला. पुढे पीटर राजाच्या पदरी याकोव्ह ब्रूस नावाचा विद्वान सेनानी होता. मॉस्कोच्या सुखारेव्ह मनोऱ्यावरून तो ग्रहतारे पाही. रात्री तिथला दिवा दिसला की लोक म्हणत, ब्रूस सोने करतो, मेलेल्याला उठवणारे पाणी करतो. त्याच्या नावाने निघालेले पंचांग शेतकरी कित्येक पिढ्या वापरत राहिले. त्यात हवापाण्याचे होरेही असत, अगदी आपल्या पंचांगासारखे. १९३४ साली तो मनोराही पाडला. बिचाऱ्याने दुर्बिणीतून पाहिले एवढेच, पण लोकांना दिव्याखाली सोनेच दिसले.

ठकही होतेच. कॅलिओस्त्रो नावाचा एक इटालियन भोंदू १७७९च्या सुमारास पीटर्सबर्गला येऊन गेला. तिथली सम्राज्ञी कॅथरीन दुसरी ही मोठी तिखट बाई. तिने पुढे त्याच्यावर एक प्रहसनच लिहिले. त्यातला भोंदू सोने आणि हिरे कढईत घालून वाढवून देतो असे सांगून यजमानाला नागवतो. नात मला त्या नाटकाची गोष्ट सांगत होती आणि माझ्यासमोर लोहाराच्या अंगणातले मडके उभे होते. एके ठिकाणी राजधानीतले सरदार, एके ठिकाणी भाता मारणारा कष्टकरी. कढई तीच.

याच बाईच्या राज्यात निकोलाय नोव्हिकोव्ह नावाचा एक सज्जन होता. मॉस्को विद्यापीठाचा छापखाना चालवून त्याने शेकडो पुस्तके काढली, शाळांना मदत केली, १७८७च्या दुष्काळात लोकांना धान्य पुरवले. त्याच्या मंडळात किमयेचे ग्रंथ हाताने उतरवून रशियनमध्ये आणले जात, आणि त्यांचा अर्थ बराचसा आतल्या बाजूने घेतला जाई. हलका धातू म्हणजे आपण स्वतः, शुद्ध करायचे ते स्वतःला. राणीला या गुप्त मंडळींचा संशय आला. १७९२ साली त्याला पकडून किल्ल्यात डांबले, आणि ती वारल्यावरच, १७९६ साली, तो सुटला. भोंदूवर नाटक आणि साधकाला तुरुंग! राजसत्तेला या दोघांत नेहमीच फरक करता येतो असे नाही.

ज्याच्यासाठी मी ही वाट चाललो असे वाटते, तो माणूस पुढेच भेटला. मिखाईल लोमोनोसोव्ह. उत्तरेच्या थंड समुद्रालगतच्या मुलखातला, मासेमाराचा मुलगा, जन्म १७११. शिकायची इतकी ओढ की एकोणिसाव्या वर्षी, १७३०च्या हिवाळ्यात, गोठलेली मासळी घेऊन निघालेल्या गाड्यांच्या तांड्याबरोबर मॉस्कोला निघाला. हजार किलोमीटरहून अधिक वाट, बर्फातून. आळंदी ते पंढरपूर आपण किती चालतो, ते मनात धरा आणि मग याचा विचार करा. मॉस्कोत शाळेत बसला तेव्हा लहान मुले बोट दाखवून हसत, की हा वीस वर्षांचा घोडा लॅटिन शिकायला आलाय. रोज तीन कोपेक मिळत, त्यात पाव आणि पेय भागवायचे, उरलेल्यात कागद नि जोडे. हे त्यानेच पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे.

या एकाच माणसाने दोन कामे केली. एक, रशियन भाषेचे व्याकरण रचले, १७५५ साली, जे पुढे अनेक पिढ्यांनी वापरले. दुसरे, १७४८ साली पीटर्सबर्गला रसायनाची प्रयोगशाळा उभी केली, तिथल्या विज्ञान अकादमीची पहिली. म्हणजे माझी पाटी आणि त्या मुलाचा प्रश्न, दोन्ही एकाच दारात! त्याच्या भट्टीतून सोने निघाले नाही. रंगीत काच निघाली. हजारो प्रयोग करून त्याने नाना छटांच्या काचा बनवल्या आणि त्यांचे तुकडे जोडून मोठमोठी चित्रे घडवली. १७५६ साली त्याने धातू बंद काचपात्रात घालून तापवले आणि वजन केले. बाहेरची हवा आत गेली नाही तर पात्राचे वजन तेवढेच राहते. आत काही नवे येत नाही, असलेले जात नाही. रूप मात्र पालटते.

त्याच्यानंतर शतकाने दमित्री मेंडेलेयेव्ह झाला. १८६९ साली त्याने तोवर माहीत असलेली त्रेसष्ट मूलद्रव्ये एका कोष्टकात मांडली आणि काही घरे रिकामी ठेवून सांगितले की इथे बसणारे अजून सापडायचे आहेत. त्या न सापडलेल्यांना त्याने ‘एक’ हा शब्द जोडून तात्पुरती नावे दिली: एक-बोरॉन, एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन. होय माउली, हा आपला संस्कृत ‘एक’. त्याच शहरातून तेव्हा ओट्टो ब्यॉटलिंक या पंडिताचा मोठा संस्कृत कोश प्रसिद्ध होत होता. पाणिनीची अष्टाध्यायीही त्याने छापली होती. त्याच्या सहवासातून हे शब्द आले असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. पुढच्या सतरा वर्षांत तिन्ही घरांचे मालक सापडले. आजच्या कोष्टकात सोने एकोणऐंशीव्या घरात आणि पारा ऐंशीव्या. शेजारी शेजारी! आपल्या रससिद्धांनी नेमका पाराच का धरला असेल, म्हणून मी बराच वेळ त्या दोन घरांकडे पाहत बसलो. हा योगायोग आहे हे मला कळते. १९४१ साली अमेरिकेत न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पाऱ्याचे सोने झालेही, पण ते किरणोत्सारी, न टिकणारे. सोनाराकडे नेण्याजोगे नव्हते.

एवढे हाती आल्यावर त्या मुलाला निरोप धाडला. आता त्याची स्वतःची भट्टी आहे. एका एकादशीला येऊन बसला. बंद पात्राची गोष्ट त्याला सगळ्यांत आवडली. म्हणाला, ‘महाराज, उघड्या भट्टीत लोखंड तापवलं की खपली धरते, ते रोज बघतो. म्हणजे ती हवेतून येते तर!’ मग थोडा वेळ गप्प बसला. ‘दादांना हे कसं सांगू?’ मी म्हटले, ‘हे सांगूच नकोस. त्यांना परिसा भागवतांची गोष्ट सांग.’

ती तुम्हाला पाठ आहेच. महिपतीबाबांनी ‘भक्तविजया’त सांगितली आहे. रुक्मिणीने दिलेला परीस परिसा भागवतांच्या घरी होता. त्यांच्या पत्नीने तो राजाईला दिला, नामदेवरायांनी घेऊन चंद्रभागेत टाकला. परिसा रडत आले, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढले आणि म्हणाले, यातला तुमचा कोणता तो घ्या. सगळेच परीस होते. मी ही कथा उत्तरार्धाच्या चमत्कारासाठी सांगत आलो. आता मला परिसांचे रडणे अधिक दिसते. इतका मोठा भक्त, आणि आपली ठेव गेली म्हणून घाटावर रडतो. नामदेवराय त्याला हसले नाहीत, लोभी म्हणाले नाहीत. पाण्यात उतरले. लोहाराच्या वडिलांनाही कुणी हसायला नको होते, एवढेच त्या मुलाला सांगितले. ते अजून देवळात आलेले नाहीत. सोमवारच्या भजनाला पारापर्यंत येऊन बसतात, असे मुलगा सांगतो.

नात आता तिसऱ्या वर्षाला आहे. रुग्णालयात म्हाताऱ्या बाया तिला ‘दोचेन्का’ म्हणतात, म्हणजे लेकी. परत यायची भाषा केव्हाच संपली. आमचा वर्ग मात्र चालू आहे, आणि सध्या मी ज्या पुस्तकापाशी आहे त्यामुळे तो लवकर संपेल असे दिसत नाही.

पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी त्वेर गावाहून निघून समुद्रमार्गे चौलला उतरला आणि एक घोडा घेऊन आमच्या जुन्नरला आला. पावसाळ्याचे दोन महिने तो इथे अडकला. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, मग देतो, म्हणून अडवले. एका भल्या खुरासानी मुसलमानाने मध्यस्थी करून त्याला सोडवले. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तके नेली होती, त्यामुळे आपले सण आणि उपवास कधी येतात याचा हिशेबच त्याला राहिला नाही. एकादशी कधी आहे हे कळायला मार्ग नाही, अशा मुलखात वर्षे काढायची म्हणजे काय, ते वारकऱ्याला वेगळे समजावून नको. परतताना, घर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. वही तेवढी पोचली.

त्या वहीत त्याने जुन्नरचे वर्णन केले आहे. इथला गड खडकावर आहे, कुणी बांधलेला नाही, देवानेच केलेला. वर जायची वाट इतकी अरुंद की माणसांनी एकेकानेच चढावे, असे सांगतो. मला तर तो शिवनेरीच वाटतो. लहानपणापासून दारातून पाहत आलो आहे. चोथ्या इयत्तेतल्या पोरासारखे बोट ठेवून मी ती ओळ वाचतो, एका संध्याकाळी एक ओळ. आमच्या गावाचे नाव त्याने ‘च्युनेर’ असे लिहिले आहे, आणि शेवटी ती मुकी मऊ खूण आहे.